टोकन हातात धरून बसलेला ड्रायव्हर

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर, आणि मी ऑफिसातल्या एका लिनक्स सर्व्हरच्या काळ्या खिडकीकडे बघत बसलेला. त्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती. त्यातलं एक सकाळपासून नखरे करत होतं, म्हणून ते बंद करून पुन्हा चालू करावं एवढाच माझा बेत. कार्ड ‘डाउन’ करायची कमांड दिली, एंटर मारलं, कर्सर खालच्या ओळीवर आला आणि तिथेच लुकलुकत राहिला.

कंट्रोल-सी दाबलं, काही नाही. दुसऱ्या कार्डावरून नवीन लॉगिन केलं (ते झालं, हे लक्षात ठेवा) आणि अडकलेल्या कमांडला ‘किल -९’, म्हणजे जबरदस्तीनं मारायचा हुकूम, दिला. लिनक्सवाल्यांच्या भात्यातला हा शेवटचा बाण, पण तिला ढिम्म फरक पडला नाही. मग मशीनचे आयपी पत्ते दाखवणारी साधी कमांड देऊन पाहिली, तर तीही जाऊन तिच्याच शेजारी बसली. गंमत म्हणजे सीपीयू रिकामा होता. सगळं मशीन निवांत, आणि तरी एकही नेटवर्कचं काम होईना. लॉगमध्ये ओळ पडली होती: अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ ब्लॉक आहे. रीबूट दिलं, तर रीबूटही अर्ध्या वाटेत थांबलं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मशीनचा गळा आवळला.

रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या गाडीवर हे सगळं आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. काका रेल्वेतून रिटायर झालेले. आधी लहान स्टेशनांवर काढली आणि मग नागपूरच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर. अजनीच्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरचं वायफाय बंद पडलं की पहिली शंका त्यांची ठरलेली.

“व्हायरस घुसला असंन.”

“नाही काका. कोणी घुसलं नाही, काही चोरीला गेलं नाही, काही तुटलं नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसले.”

“मंग हे तर आमच्या इकडचं काम आहे,” ते म्हणाले आणि तर्री आणखी मागितली.

खरंच त्यांच्याच इकडचं काम होतं. त्यांच्यामुळे मला जे नीट मांडता आलं तेच इथे लिहितो: ड्रायव्हरमध्ये ‘डेडलॉक’ कसा होतो, आणि काही चोरीला न जाताही तो सुरक्षेचा दोष का ठरतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते. नेटवर्क कार्ड हे एक मुकं यंत्र. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा कर्नलचा तुकडा म्हणजे त्याचा ड्रायव्हर. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ब्राउझर अडकला तर तो मारून नवा उघडता येतो, कारण त्याच्यावर कर्नल बसलेला असतो. कर्नलच्या आतच काही अडकलं तर वर कोणी नसतं. ड्रायव्हरमधल्या चुका महाग पडतात त्या यामुळे.

आता लॉक. सर्व्हरच्या सीपीयूमध्ये आज आठ-सोळा कोअर सहज असतात, म्हणजे आठ-सोळा कामं खरोखर एकाच क्षणी चालू असतात. कार्डाची एक यादी असते: कोणतं पाकीट (म्हणजे माहितीचा तुकडा) पाठवायचं, कोणतं आलं. दोन कोअरनी ती यादी एकाच वेळी खोडली-लिहिली तर तिचा काला होतो. म्हणून नियम असा की यादीला हात लावायच्या आधी लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं. लॉक दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं.

काकांनी यावर लगेच हात वर करून गोळ्याचा आकार दाखवला. एकेरी लाइनवरचं बॉल टोकन! दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ, दोन्ही टोकांना एकेक यंत्र, आणि ती यंत्रं विजेच्या तारेनं एकमेकांशी अशी बांधलेली की एका वेळी एकच पोलादी गोळा बाहेर निघू शकतो. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. गाडी न थांबता जाणार असेल तर ड्रायव्हर किंवा त्याचा सहायक हात बाहेर काढून ते कडं दंडात अडकवून घ्यायचा. “गोळा हातात नाही तर गाडी हलणार नाही. मंग मंत्री बसला असू दे.” पुढच्या स्टेशनवर गोळा परत यंत्रात गेला की सेक्शन मोकळा. कर्नलमधलं लॉक म्हणजे हेच. संगणकशास्त्रात १९६०च्या दशकात एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी या कल्पनेला नीट रूप दिलं आणि तिच्यासाठी जो शब्द रुळवला तोही रेल्वेतलाच आहे: सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली होणारा सिग्नल.

टोकनमुळे टक्कर टळते. पण काकांच्या नोकरीतली खरी डोकेदुखी टक्कर नव्हती. कंट्रोल ऑफिसात त्यांच्यासमोर एक भलामोठा कागदी चार्ट असायचा. आडवा वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची पेन्सिलीनं ओढलेली तिरकी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे स्टेशन असायलाच हवं, म्हणजे एक गाडी बाजूच्या लाइनवर घेता येते. आता समजा शेजारच्या दोन स्टेशनांवर प्रत्येकी तीन लाइनी आहेत. पहिल्यावर तिन्ही लाइनींवर पुढे जायच्या गाड्या उभ्या, दुसऱ्यावर तिन्हींवर इकडे यायच्या. मधला रूळ मोकळा आहे, टोकन यंत्रात आहे, सिग्नल ठीक आहेत, ड्रायव्हर जागे आहेत. तरी एकही गाडी हलू शकत नाही, कारण समोर उतरायला जागा नाही, आणि समोरची जागा रिकामी व्हायची तर त्या गाडीनं इकडे यायला हवं. कोणीही नियम मोडलेला नाही. उलट सगळे नियम पाळून बसलेत.

याला डेडलॉक म्हणतात. डायक्स्ट्रांनी त्याला ‘जीवघेणी मिठी’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं, ते मला जास्त आवडतं.

माझ्या सर्व्हरवर कोणी कोणाला मिठी मारली होती? लिनक्सच्या नेटवर्क भागात एक मोठं, जुनं लॉक आहे, त्याचं नाव आरटीएनएल. कार्ड चालू करणं, बंद करणं, पत्ता बदलणं, नवीन आभासी कार्ड बनवणं, असं नेटवर्कच्या मांडणीतलं जवळपास काहीही करायचं असेल तर आधी हे लॉक घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं हे अख्ख्या मशीनसाठी एकच राहिलं. त्याचे लहान तुकडे करण्याचं काम अलीकडे सुरू आहे, पण ते सावकाश चाललंय आणि सावकाशच व्हायला हवं.

मी कार्ड बंद करायची कमांड दिली तेव्हा कर्नलनं आरटीएनएल घेतलं आणि ड्रायव्हरच्या ‘बंद करा’ या फंक्शनला बोलावलं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं तिथे शहाण्यासारखी एक ओळ लिहिली होती: बंद करण्याआधी पाठीमागे काही काम चालू असेल तर ते संपेपर्यंत थांब. बरोबरच आहे, घर पाडायच्या आधी आत कोणी नाही ना हे बघावंच.

पण पाठीमागे नेमकं एक काम चालू होतं. कार्ड सकाळपासून नखरे करत होतं, म्हणजे दिलेली पाकिटं वेळेत पाठवत नव्हतं. अशा वेळी कर्नलचा एक पहारेकरी ओरडतो आणि ड्रायव्हर कार्ड रीसेट करायचं काम पाठीमागच्या रांगेत टाकतो. रीसेट म्हणजे मांडणीत बदल, म्हणून या कामाचीही पहिलीच ओळ होती: आरटीएनएल घे.

झालं. ‘बंद करा’च्या हातात आरटीएनएल, आणि तो रीसेट संपायची वाट बघतोय. रीसेट सुरू व्हायला आरटीएनएल हवं, आणि ते सुटायची वाट तो बघतोय. दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर दोन्ही बरोबर. एकाच फाइलमध्ये, कदाचित दोनशे ओळींच्या अंतरावर, कदाचित दोन वेगळ्या वर्षी लिहिलेल्या. मी सोर्स वाचताना पहिल्यांदा दोन्ही ओलांडून पुढे गेलो होतो, हे कबूल करतो.

आता मघाची चिन्हं जुळवून बघा. आयपी दाखवणारी कमांड का अडकली? तिलाही आरटीएनएल हवं होतं. रीबूट का अडकलं? मशीन बंद होताना कार्डं बंद करावी लागतात, परत तेच लॉक. सीपीयू रिकामा का? कारण हे थांबणारे झोपून थांबतात. आणि दुसऱ्या कार्डावरून लॉगिन कसं झालं? कारण चालू पाकिटांच्या ये-जा करण्याला हे लॉक लागत नाही. मांडणी गोठली, वाहतूक चालू. त्यामुळे असं मशीन बाहेरून कितीतरी वेळ धडधाकट दिसतं. निगराणीचं सॉफ्टवेअर पिंग मारतं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारतं, उत्तर येतं, हिरवा दिवा. नवीन कंटेनर (वेगळ्या कप्प्यात, स्वतःच्या आभासी कार्डासह चालणारा प्रोग्रॅम) सुरू करायला गेलं की मगच बिंग फुटतं.

राहिला किल -९. काकांना हाच भाग पटेना. “इतका मोठा साहेब तू, काढून घे ना त्याच्या हातातून.”

“काका, गाडी सेक्शनच्या मधोमध उभी असताना ड्रायव्हरच्या हातचं टोकन काढून दुसऱ्याला द्याल?”

ते गप्प बसले. लॉक ज्याच्या हातात आहे तो काहीतरी अर्धवट करून बसलेला असतो. यादीतली एक कडी सोडवली, दुसरी जोडायची आहे. त्याला तिथेच मारलं तर लॉक परत कोण ठेवणार, आणि अर्धवट यादी कोण सावरणार? म्हणून कर्नलमध्ये अशी थांबणारी प्रक्रिया गाढ झोपेत ठेवतात. चालू प्रक्रियांच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. डी दिसलं की किल -९ची चिठ्ठी दारात पडून राहते, वाचायला कोणी उठत नाही.

१९७१ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका निबंधात दाखवलं की डेडलॉक व्हायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच मिळते. एक हातात धरून दुसरीची वाट बघितली जाते. हातातली हिसकावता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारपैकी एक मोडली तरी बास. पहिली मोडता येत नाही, आपल्या मोहननगरच्या मागच्या डायमंड क्रॉसिंगवर, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, दोन गाड्या एकाच क्षणी घालता येत नाहीत तसंच. तिसरीचं मघाच झालं. उरल्या दुसरी आणि चौथी, आणि कर्नलवाल्यांची सगळी लढाई याच दोन मैदानांवर चालते.

काकांची पद्धत वेगळ्याच प्रकारची होती: स्टेशनची शेवटची लाइन भरायचीच नाही. समोरून येणाऱ्या गाडीसाठी एक लाइन राखून ठेवायची, मग मागचा कितीही फोन करो. डायक्स्ट्रांचा ‘बँकर्स अल्गोरिदम’ म्हणजे साधारण हेच, सगळ्यांची पुढची मागणी भागेल इतपत शिल्लक ठेवूनच वाटप करायचं. मात्र त्याला कोण किती मागणार हे आधी ठाऊक असावं लागतं. काकांना टाइमटेबल होतं, कर्नलला नसतं.

डेडलॉकला दोन पक्ष लागतात असं वाटत असेल तर त्याचा एक विचित्र चुलतभाऊ बघा, तो एकटाच स्वतःला अडकवतो. समजा कपाटाची किल्ली तुमच्या हातात आहे, कपाट उघडून तुम्ही डबे लावताय. घरचा नियम असा की बेल वाजली की हातातलं काम आहे तिथे सोडून आधी दार. बेल वाजते. दारातला माणूस म्हणतो, कपाटातला डबा द्या, घेतल्याशिवाय हलणार नाही. दुसरा नियम असा की एकाचं काम अर्धवट असताना दुसऱ्यासाठी कपाटाला हात लावायचा नाही. आता दारातला हलेपर्यंत तुमचं काम सुरू होणार नाही आणि तुमचं काम संपेपर्यंत डबा निघणार नाही. ही बेल म्हणजे इंटरप्ट. कार्डावर पाकीट आलं की कार्ड सीपीयूच्या कोअरला टोचतं, आणि कोअर हातातलं टाकून तिकडे धावतो. हातात आधीच एक लॉक असेल आणि इंटरप्टच्या कोडलाही तेच हवं असेल तर खेळ खलास. इथे झोपणंही नसतं. हे लॉक ‘स्पिन’ जातीचं, म्हणजे दारात उभं राहून गरागरा फिरत वाट बघायची. माझ्या सर्व्हरपेक्षा उलटं लक्षण: कोअर शंभर टक्के, पंखा बोंबलतोय आणि काम शून्य.

यावरचा इलाज साधा आहे. असं लॉक घेताना त्या कोअरवरची बेल तेवढ्यापुरती बंद ठेवायची. कर्नलमध्ये त्यासाठी लॉक घेण्याचं वेगळं फंक्शनच आहे. चूक म्हणजे ते न वापरता साधं फंक्शन वापरणं, आणि ती चूक अनेक ड्रायव्हरांमध्ये सापडली आहे. ती लपून राहते, कारण लॉक हातात असण्याचा काळ मायक्रोसेकंदांत मोजायचा, आणि नेमक्या त्याच फटीत बेल वाजायला हवी. चाचणीत वाजत नाही. कामाच्या गर्दीत कधीतरी वाजते.

आता ‘व्हल्नरेबिलिटी’, म्हणजे सुरक्षेतला दोष, या शब्दाकडे येतो. काकांच्या व्हायरसच्या शंकेतून उरलेला प्रश्न तोच: चोरी नाही तर सुरक्षेचा प्रश्न कुठून आला? सुरक्षेचे तीन पाय मानतात. माहिती गुप्त राहणं, माहिती अभंग राहणं आणि यंत्रणा हाताशी असणं. डेडलॉक पहिल्या दोघांना शिवत नाही, तिसरा मात्र पार मोडतो. अट एकच, दुसरा कोणीतरी तो मुद्दाम घडवू शकला पाहिजे. तुम्ही म्हणाल, कार्ड बंद करायला तर प्रशासकाचे अधिकार लागतात. लागतात. पण अनेक लिनक्स वितरणांत साधा वापरकर्ताही स्वतःपुरती वेगळी ‘नेमस्पेस’, म्हणजे मशीनच्या आतली वेगळी खोली, बनवून तिच्यात नेटवर्कचा मालक होऊ शकतो, आणि आभासी कार्डांच्या ड्रायव्हरांपर्यंत तिथून पोचतो. लॉक सामायिक असेल तर त्याच्या खोलीतला गोंधळ अख्ख्या वाड्याचं दार अडवतो. यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर असेल तर कधी कधी ते योग्य क्षणी उपटणंही पुरतं.

अशा दोषांना सीव्हीई क्रमांक मिळतात, म्हणजे सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतले क्रमांक. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलची मंडळी हे क्रमांक स्वतःच देतात, आणि सढळ हातानं देतात, कारण कर्नलमधली कोणती चूक कुठे धोकादायक ठरेल हे त्यांना आधी सांगता येत नाही. म्हणून यादीत डेडलॉक दुरुस्त्यांची रांग दिसते. मशीनवर खातं असलेला कोणीही सहज घडवू शकेल आणि फक्त यंत्रणा ठप्प होईल, अशा दोषाची तीव्रता प्रचलित सूत्रानं १० पैकी ५.५ निघते, म्हणजे मध्यम. माझं मत विचाराल तर हा आकडा मनावर घेऊ नये. माझ्या लॅपटॉपवर तो २ आहे. शंभर लोकांचं काम ज्या एका सर्व्हरवर चालतं तिथे तो ९ आहे, आणि सूत्राला माझं ऑफिस ठाऊक नाही.

मग हे पकडतात कसं? इथे मला लिनक्सवाल्यांचं खरंच कौतुक वाटतं. २००६ साली कर्नलच्या २.६.१८ आवृत्तीत ‘लॉकडेप’ नावाची सोय आली. इंगो मोल्नार यांचं काम. ती डेडलॉक होण्याची वाटच बघत नाही. कोणी कोणतं लॉक हातात असताना कोणतं मागितलं याच्या रेघा ओढत जाते, अगदी काकांच्या चार्टसारख्या. सकाळी कोणीतरी अ नंतर ब घेतलं, संध्याकाळी भलत्याच ठिकाणी कोणी ब नंतर अ घेतलं, अडकलं कोणीच नाही, तरी ती ओरडते: वर्तुळ पूर्ण होऊ शकतं! ‘काम संपेपर्यंत थांब’ असलं थांबणंही ती लॉकसारखंच मोजते, म्हणजे माझ्या ड्रायव्हरची चूक तिनं पहिल्या दिवशी धरली असती. पण चार्ट भरायला वेळ लागतो, मशीन हळू होतं, म्हणून ती सोय विकासकांच्या मशीनवर चालू ठेवतात आणि आपल्यासारख्यांच्या मशीनवर बंद असते.

तुमच्या मशीनवर असं झालं तर बटण दाबायच्या आधी एक काम करा. कर्नलला एक हुकूम देता येतो, ‘सिस-रिक्वेस्ट डब्ल्यू’. तो दिला की डी अवस्थेत अडकलेली प्रत्येक प्रक्रिया नेमकी कोणत्या फंक्शनमध्ये झोपली आहे ते लॉगमध्ये उतरतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, लॉग डिस्कवर पोचेलच असं नाही. माझं निदान झालं ते अशाच फोटोवरून, दुसऱ्यांदा अडकल्यावर काढलेल्या. पहिल्यांदा हे न करताच बटण दाबलं होतं. आणि कर्नल अपडेट केल्यावर रीबूट करा. नवा कर्नल डिस्कवर पडून जुनाच चालू असलेली मशीनं मी आजवर कितीतरी पाहिली, त्यात एक माझंच होतं.

दुरुस्ती नव्या आवृत्तीत आधीच येऊन पडली होती. ती वाचून काकांना सांगितली, तोवर पोह्यांची दुसरी प्लेट संपत आली होती. एक प्रचलित मार्ग असा की रीसेटनं लॉक नुसतं मागून बघायचं, मिळालं तर ठीक, नाही तर परत रांगेच्या शेवटी. इथे त्यांनी वेगळं केलं होतं. ‘बंद करा’मधली थांबायची ओळ काढून टाकली. ड्रायव्हर कायमचा उतरवताना, आरटीएनएल हातात नसताना, ती लावली. आणि रीसेटला एक प्रश्न शिकवला: लॉक मिळाल्यावर आधी बघ, कार्ड चालू आहे का? नसेल तर काही न करता परत जा.

“म्हणजे गाडीच कॅन्सल झाली,” काका म्हणाले, “तं त्यानं टोकन घेऊन वापस द्यायचं फक्त.”

“हो काका.”

“आणि इतक्या साध्या कामाले तुमचं मशीन दोन डाव बंद पडलं.”

पोह्यांचे पैसे मी दिले. त्या रात्री ११ वाजता ऑफिसात जाऊन कर्नल बदलला, रीबूट केलं, आणि नखरेल कार्ड मुद्दाम वीस वेळा डाउन-अप करून पाहिलं.